मास्तरांचा चोरखिसा

चोरखिसा शिवावा तर मास्तरांनीच. पँटच्या नेफ्याच्या आत, अस्तराच्या घडीत ते अशी काही जागा काढायचे की प्रवासाला निघालेला माणूस स्वतःच आपला खिसा शोधत बसे. एकदा एक गिऱ्हाईक स्वतःचेच पैसे सापडेनात म्हणून भांडायला दुकानात आलं होतं. मास्तरांनी त्याच्या कमरेत दोन बोटं घातली, पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि विचारलं, "मालकाला सापडले नाहीत, ते चोराला काय सापडणार?" आणि मग ते असे काही हसले, की समोरच्या न्हाव्यानं वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरून उचलून धरला. मास्तर हसायला लागले की वस्तरा उचलायचा, हा धडा तो फार पूर्वी शिकला होता.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, उभा आरसा आणि कपडे घालून बघण्यासाठी एका कोपऱ्यात पडदा. खिडकीशी मास्तरांची बायको बसायची. काज, बटणं, तुरपाई, सगळी हातशिलाई तिच्याकडे. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे. ती लग्नाआधी याच दुकानात काम मागायला आली होती. मास्तरांच्या वडिलांनी परीक्षा म्हणून तिला एका शर्टाची काजं करायला दिली, आणि समोरच्या टेबलावर पँट कापत असलेल्या त्यांच्या चिरंजिवांचं लक्ष कापडावरून असं उडालं, की एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर आखूड निघाला. म्हातारा म्हणाला, "बाबा रे, हिला दुकानात ठेव नाहीतर घरात आण, पण लोकांचं कापड वाया घालवू नकोस." चिरंजिवांनी दोन्ही केलं.

पुढं रेडिमेड कपडे आले. आता मास्तरांचं दुकान बसणार, असं सगळ्यांनी तोंड पाडून सांगितलं. पण रेडिमेड आले म्हणून लोकांची पोटं वाढायची थोडीच थांबली! कंबर सैल करून द्या, घट्ट करून द्या, पाय आखूड करा. दुकान चाललं. मुलगा आणि मुलगी शिकून लांबच्या गावांना गेली. नवराबायको दिवसभर एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसून काम करत आणि भांडत, आणि संध्याकाळी बरोबर घरी जात. संसार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मग मास्तरांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती बिघडली. ऑपरेशन करून ती काढून टाकली. डॉक्टर म्हणाले, सगळं स्वच्छ निघालंय. मास्तरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा नाही पडला, कारण एक गोष्ट त्यांना एकट्यालाच माहीत होती. लघवीवरचा ताबा काही महिन्यांत परत येईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो बराचसा आला, पण पुरता आला नाही. खोकलं की थोडी गळायची, मशिनवरून झटकन उठलं की गळायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हसलं की गळायची.

आता यात लाजण्यासारखं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टरांना सांगायचं, बायकोला सांगायचं, मोकळं व्हायचं. पण मास्तरांनी आपल्या वडिलांचं म्हातारपण पाहिलं होतं. अंथरूण भिजायला लागलं तशी म्हाताऱ्याची खाट आधी दारापाशी सरकली आणि मग मागच्या खोलीत गेली. चादर बदलताना आईचा चेहरा कसा व्हायचा, ते मास्तर विसरले नव्हते. आई वाईट नव्हती, दमलेली होती. पण तो चेहरा आपल्या बायकोच्या तोंडावर बघायची वेळ येऊ नये, एवढंच त्यांना वाटे. म्हणून कुणी खाट हलवण्याआधी त्यांनी ती आपणच हलवली.

"मला हल्ली पहाटेच जाग येते," ते बायकोला म्हणाले. "तुझी झोपमोड नको. मी बाहेरच्या खोलीत झोपत जाईन."

"बरं," ती म्हणाली.

त्याच महिन्यात त्यांनी आपले कपडे आपणच धुवायला सुरुवात केली. "तेवढाच हाताला व्यायाम," असं सांगितलं. त्यालाही ती "बरं" म्हणाली. बाजारातले पॅड चालताना कुरकुरतात म्हणून मास्तरांनी जुन्या टॉवेलांचे पदर एकावर एक घालून स्वतःचे पॅड शिवले, इतके मऊ आणि सुबक की कुणाला दाखवता आले असते तर मास्तरांनी अभिमानानं दाखवले असते. आणि प्रत्येक नाडीच्या चड्डीला डाव्या खुब्यावर एक चोरखिसा लावला, आतून रेनकोटच्या कापडाचं अस्तर देऊन. बाहेर कुठं असताना पॅड बदलावा लागला तर ओला पॅड परक्याच्या कचऱ्यात टाकायचा नाही. घडी करून या खिशात, आणि घरी येऊन धुवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मास्तर हसायचे थांबले. न्हावी आता बिनघोर वस्तरा चालवू लागला.

अशी तीन वर्षं गेली. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं असे. त्यात पीएसए नावाचा एक आकडा असतो. ग्रंथीच काढून टाकली म्हटल्यावर तो जवळजवळ शून्यावर राहायला हवा. राहिलाही. मग हळूच वर सरकला आणि पुढच्या खेपेला आणखी थोडा.

"कुठंतरी आजाराच्या चार पेशी उरल्यात," डॉक्टर म्हणाले. "आहेत, एवढं रक्त सांगतं. कुठं आहेत, ते सांगत नाही. घोडं नक्की कुठं पेंड खातंय ते बघायला पेट स्कॅन करू." मग त्यांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. ओटीपोटातच कुठं लहानशी गाठ असेल, तर तेवढ्याच जागेवर किरण देऊन तिचा निकाल लावायचा प्रयत्न करता येतो. पण हाडात गेलं असेल तर मग इंजेक्शनं आणि गोळ्या. त्यांनी आजार दबून राहतो, जात नाही.

 

स्कॅनचा विभाग हॉस्पिटलच्या तळमजल्याच्याही खाली होता. जाड दारं, लांब बोळ, भिंतीला लावलेल्या निळ्या खुर्च्या. एका छोट्या टेबलाशी परिचारिका बसली होती. बोलायला मोकळी आणि कामाला चोख. तिनं मास्तरांना समोर बसवलं, बाईंना शेजारी.

"काका, तुम्हाला एक औषध शिरेतून देणार. ते या आजाराच्या पेशींना जाऊन चिकटतं आणि मशिनमध्ये तेवढी जागा चमकते. पण उरलेलं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे लघवीसुद्धा चमकते. कपड्याला एक थेंब लागला तरी चित्रात डाग दिसतो, आणि डॉक्टरांना वाटतं आजारच आहे. म्हणून स्पष्ट विचारते. गळते का? पॅड वगैरे वापरता?"

मास्तरांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"छे छे!" मास्तर म्हणाले.

बाई शेजारी नसत्या तर त्यांनी सांगितलं असतं, हे नक्की. पण माणूस ताकाला जातो आणि भांडं लपवतो, त्याला कोण काय करणार? परिचारिकेनं मान डोलावली. अंगावर धातूचं काही नको, बाहेरचे कपडे काढून गाऊन घाला, आतली नाडीची चड्डी राहू दे, म्हणाली. संध्याकाळपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून जरा लांब राहा, हेही तिनं सांगून ठेवलं.

औषध दिलं. मग एका अंधुक खोलीत तासभर पडून राहायचं, पाणी पीत. मास्तर छताकडे बघत पडले. पाणी पोटात जात होतं आणि जायचं तिथून थोडं थोडं बाहेर येत होतं. शेवटी परिचारिका येऊन म्हणाली, "काका, आता लघवी करून या. अगदी मोकळं होऊन या." मास्तर आत गेले आणि कडी लावली. कोपऱ्यात झाकणाचा डबा होता, पण दाराबाहेर परिचारिका उभी, झाकण वाजलं तर तिला ऐकू जाणार. त्यांनी तीन वर्षांच्या सवयीनं ओला पॅड काढला, घडी केली, चोरखिशात सरकवला आणि कोरडा लावला. तिनं नुकतंच काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं नाही असं नाही. पण कपड्याला तर लागलं नाही ना, असं त्यांनी मनाशी म्हटलं. खिशाला अस्तर आहे. मास्तरांचा स्वतःच्या शिवणीवर फार विश्वास.

मशिन म्हणजे एक मोठं कडं, त्यातून फळी आतबाहेर सरकते. हात डोक्यावर घेऊन निश्चल पडायचं. मध्येच मास्तरांना खोकल्याची उबळ आली. ती दाबताना डावी कूस थोडी उचलली गेली. मग पुन्हा सगळं शांत.

स्कॅन झाल्यावर, कपडे एवढ्यात बदलू नका, डॉक्टर आधी चित्रं बघतील, असं सांगून त्यांना बसवलं. आणि थोड्या वेळानं दोघांना आत बोलावलं.

स्कॅनच्या डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या. पडद्यावर मास्तरांचंच शरीर, राखाडी, आणि त्यात ठिकठिकाणी उजेड. "हे मूत्राशय, या किडन्या, या लाळेच्या ग्रंथी. या सगळ्यांच्याच चमकतात, त्यांचं काही नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेनाचं टोक डाव्या खुब्यावर ठेवलं. तिथं एक डाग होता, मोठा आणि लख्ख. "बाकीचं मागाहून सांगते. आधी हा. दोन प्रकारची चित्रं आम्ही एकमेकांवर ठेवून बघतो, पण तुम्ही मध्ये हललात, त्यामुळं ती नीट जुळत नाहीत. हे हाडात आहे की बाहेर, ते मला ठाम सांगता येत नाही. म्हणून विचारते. कपड्याला काही लागलं होतं का?"

 डाग कसला, ते मास्तरांना तत्क्षणी कळलं. आणि तरीही तोंडातून शब्द निघाला तो, "नाही."

डॉक्टरांनी श्वास सोडला. "मग हाडात आहे असं धरून चालावं लागेल. तिथला तुकडा सुईनं काढून तपासू. पण उपचाराचा विचार आपल्याला आतापासूनच बदलावा लागेल."

मास्तरीणबाईंनी टेबलाची कड धरली. त्यांना कधी कुणी रडताना पाहिलं नव्हतं. सुई बोटात आरपार गेली तरी त्या बोट तोंडात घालून दुसऱ्या हातानं काम पुरं करायच्या. "हाडात गेलं म्हणजे," त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्याजवळ किती दिवस आहेत हे?"

मास्तरांनी बायकोचा हात पाहिला. ज्या हातानं आयुष्यभर काजं केली, एक टाका कधी वाकडा पडला नाही, तो हात पानासारखा थरथरत होता. आणि तो त्यांच्या खोट्यामुळं थरथरत होता.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "ते हाडात नाही. खिशात आहे."

"कुठल्या खिशात?" डॉक्टरांनी त्यांच्या गाऊनकडे पाहिलं. हॉस्पिटलच्या गाऊनला खिसा नसतो.

मास्तर उठले. भिंतीकडे तोंड केलं, गाऊनखाली हात घातला आणि ती घडी बाहेर काढली. दाराशी उभ्या परिचारिकेनं चटकन हातमोजे चढवून एक तबक पुढं केलं. त्यावर ती घडी ठेवताना मास्तरांची मान जी खाली गेली, ती वर येईना. "तीन वर्षं गळतंय," ते तबकाकडे बघत म्हणाले. "खोकलं की, उठलं की. कुणाला सांगितलं नाही."

परिचारिका काही बोलणार होती, पण डॉक्टरांनी तिला खुणेनं थांबवलं. "काका," त्या म्हणाल्या, "या खिशापायी मी तुमच्या हाडात सुई घालणार होते." आवाजात राग होता, पण डोळ्यांत नव्हता. "जा, स्वच्छ धुऊन या. चड्डी काढून ठेवा, दुसरा गाऊन घ्या. तेवढाच भाग परत बघू."



दुसरं चित्र लवकर झालं. डॉक्टर ते बघत होत्या तोवर दोघं बोळातल्या निळ्या खुर्च्यांवर बसली. मास्तरांना बायकोच्या गप्प बसण्याची भीती वाटत होती. ती भांडली असती तर बरं, असं त्यांना झालं.

"तुला घाण वाटेल म्हणून नाही सांगितलं," ते शेवटी म्हणाले.

"मला वाटलं, तुम्हाला माझी घाण वाटते," ती म्हणाली.

मास्तरांना आधी समजलंच नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलत राहिली. "ऑपरेशननंतर तुमची ती नळी आणि पिशवी मी साफ करायचे. एकदा मला ओकारी आली. पोटात काही नव्हतं सकाळपासून, म्हणून आली. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं, जागे असणार, पाहिलं असणार. त्यानंतर काही महिन्यांतच तुम्ही खाट बाहेर नेलीत. कपड्यांना मला हात लावू देईनासे झालात. मी म्हटलं, बरं. त्या एका ओकारीची शिक्षा आहे ही. किती दिवस चालेल? चालू दे म्हटलं."

"अगं, मी पाहिलंच नव्हतं!" मास्तर कळवळून म्हणाले. "शपथ सांगतो. मला काही माहीतच नाही."

"दुकानात समोर बसून तुम्ही हसेनासे झालात. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हसणारा माणूस. माझ्याकडे बघून हसायचंच नाही, असं ठरवलंत म्हटलं."

"हसलं की गळतं गं."

ती वळली आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं, आणि मग तो राग टिकेना. "हसलं की?" तिनं विचारलं.

"हसलं की सगळ्यात जास्त."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं तोंडावर हात दाबला, पण खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते रडण्याचं की हसण्याचं हे त्या बोळात कुणालाही सांगता आलं नसतं. ते बघून मास्तरांचा बांध फुटला. तीन वर्षांचं साठलेलं ते हसणं. टेबलाशी बसलेल्या परिचारिकेनं दचकून मान वर केली.

"अगं, गाऊन भिजला," मास्तर हसता हसता म्हणाले.

"भिजू दे. तो काही आपला नाही."

डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा मास्तर कोरडा गाऊन घालून, बायकोच्या आधी आत गेले. पडद्यावर डावा खुबा आता राखाडी होता, सगळ्या हाडांसारखा.

"हाड स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण आता दुसरं सांगते, ते नीट ऐका." पेनाचं टोक ओटीपोटात उजवीकडे गेलं. तिथं वाटाण्यापेक्षाही लहान एक ठिपका होता. मघाच्या त्या लख्ख डागापुढं कुणाचं त्याच्याकडे लक्षही गेलं नसतं. "ही एक गाठ. आजार परत आलाय, हे खरं. पण दिसतोय तो एवढाच, आणि एका जागी. यावर किरण देता येतील. पुरता जाईल असं वचन मी देत नाही. पण संधी चांगली आहे."

मास्तरांनी मान हलवली. परत आलाय, हा शब्द कानात शिरला आणि आत कुठंतरी जाऊन बसला. भीती वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. बायकोचा हात टेबलावर होता, त्यावर त्यांनी आपला हात ठेवला.

"किरणांनी गळणं काही दिवस वाढू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत. पण सांगितलंत तर. आता रोज किती पॅड लागतात?"

मास्तरांनी सांगितलं. रात्री किती वेळा उठावं लागतं, तेही सांगितलं. सांगताना ते डॉक्टरांकडे बघत नव्हते, बायकोकडे बघत होते, आणि ती एकेक गोष्ट ऐकून घेत होती.

"आणखी काही विचारायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ते औषध अजून यांच्या अंगात असेल ना? आज रात्री मी यांच्याजवळ झोपले तर चालेल?"

डॉक्टर म्हणाल्या, "चालेल की. जपायचं ते लहान मुलांना आणि गरोदर बायकांना."

"त्या दोन्हीतली मी नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि उठल्या.

मास्तर खुर्चीतच बसून होते. "अगं, पण गादी..."

"गादी वाळत घालता येते हो," ती म्हणाली. "चला आता घरी."